लग्नातली फुलं: बजेट ४० हजार, प्लास्टिक आणि फोम नको, कसं जमवू?

चिंचवडची लेक

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. माझं लग्न मार्गशीर्षात आहे, शुक्रवारी, सकाळी ११ च्या सुमाराचा मुहूर्त, चिंचवडमधलं कार्यालय, माणसं साधारण ३५०. डेकोरेटरने काल कोटेशन पाठवलं, नुसत्या फुलांचे १ लाख ४० हजार! त्यात ऑर्किड, डच गुलाब, जिप्सोफिला असं सगळं गुलाबी-पांढरं. यातली खरी फुलं किती असं विचारलं तर म्हणाला, निम्मी खरी निम्मी आर्टिफिशियल, लांबून कळत नाही.

पैसे हे एक कारण झालंच, पण दुसरंही आहे. दोन वर्षांपूर्वी दादाच्या लग्नात असंच मोठं डेकोरेशन होतं. दुपारी ४ ला आम्ही सामान आवरत होतो आणि तिकडे पोरं स्टेज उतरवायला लागली, संध्याकाळी दुसऱ्यांचं रिसेप्शन होतं म्हणून. फुलं, तो हिरवा फोम, तारा, रिबिनी सगळं एकत्र ओढून काळ्या पिशव्यांत कोंबलं. बाबा तिथेच उभे होते, त्यांनी एका पिशवीतून गुलछडीची काडी काढून बघितली, खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वर सगळ्या कळ्या. म्हणाले, ही अजून चार दिवस फुलली असती गं. बाबांचं लहानपण शेतात गेलंय, ते दिवसभर त्यावर काही बोलले नाहीत पण मला ते विसरता येत नाहीये.

तर मला हवंय ते असं. स्टेजचा बॅकड्रॉप, होमाजवळचे चार खांब, दाराला तोरण, दोन हार, मुंडावळ्या आणि साधारण ६० बायकांना गजरे. गजरे मोगऱ्याचे हवेत अशी आईची इच्छा आहे. ४० हजारांत बसवायचंय, कमी झालं तर उत्तमच. किती किलो लागतील, कुठून घ्यायची, आदल्या दिवशी आणली तर टिकतील का, ओवायची कोणी, काहीच अंदाज नाही. कोणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

---

यवतचा शेतकरी

ताई, आधी अभिनंदन. मी यवतजवळ शेवंती आणि झेंडू करतो, माल पुण्याला गुलटेकडी मार्केट यार्डात जातो, त्यामुळे जे माहिती आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे रंग ठरवून मग फुलं शोधू नका, उलट करा. त्या दिवसांत शेतात काय आहे ते बघा आणि त्यातून रंग निवडा. मार्गशीर्षात शेवंती भरात असते, पिवळी पण आणि पांढरी पण, अष्टर असतो जांभळा, गुलाबी, पांढरा (राहुरी विद्यापीठाच्या फुले गणेश जाती आहेत ना, त्यातलाच बराच असतो), झेंडू असतोच. म्हणजे तुम्हाला गुलाबी-पांढरंच पाहिजे असेल तरी अष्टर आणि पांढऱ्या शेवंतीत ते होतं, त्यासाठी ऑर्किड थायलंडहून यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. तुमचं लग्न शुक्रवारी, म्हणजे आदल्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार. महालक्ष्मीचं व्रत घरोघरी असतं, त्यामुळे मंगळवार-बुधवारपासून बाजार चढतो, शेवंतीला तर हात लावू देत नाहीत. गुरुवारी दुपारनंतर भाव पडतो पण तेव्हा जे उरतं ते दहा हातांनी चिवडलेलं असतं. म्हणून तुम्ही बाजारात ऐनवेळी जाऊच नका. यवत, सासवड, माळशिरस (पुरंदरमधलं) या पट्ट्यात कोणाही फूलवाल्या शेतकऱ्याशी महिनाभर आधी बोला, भाव ठरवा, थोडा ॲडव्हान्स द्या आणि सांगा की गुरुवारी दुपारचा तोडा (तोडलेला माल) मला पाहिजे. तोडा संध्याकाळी तुमच्या घरी, रात्री ओवायचं, सकाळी ताजं टवटवीत. शेतकऱ्याला आडत (दलाली), हमाली, तोलाई काही नाही, तुम्हाला मधला माणूस नाही. बाजारभावापेक्षा किलोला ५-१० रुपये जास्त दिलेत तरी तुम्हाला किरकोळपेक्षा निम्म्यात पडेल.

झेंडू घेताना विचारा की प्लॉट कधीचा आहे. दसरा-दिवाळी धरून लावलेल्या झेंडूचा शेवटचा माल तोपर्यंत बारीक आणि पोकळ झालेला असतो. नंतर लावलेल्या नव्या प्लॉटचा घ्या, फूल घट्ट असतं आणि दोन दिवस मान टाकत नाही.

गुलछडी थंडीत कमी निघते म्हणून महाग होते, बॅकड्रॉपला नकोच, फक्त हारात वापरा. घ्याल ती एकेरी घ्या, वास तिलाच जास्त असतो, दुहेरी दिसायला भारी पण हारात जड होते आणि वास कमी. मोगऱ्याचा तर थंडीत सीझनच नाही, जो येतो तो दक्षिणेकडून आणि सोन्याच्या भावाने. आईंना सांगा मोगरा हवा असता तर लग्न चैत्र-वैशाखात धरायला हवं होतं.

भावाचा अंदाज घ्यायचा तर पेपरात दर आठवड्याला मार्केट यार्डाचे भाव येतात, फुलांचं कोष्टक वेगळं असतं, झेंडू, गुलछडी, अष्टर, शेवंती, गुलाब, असं. चार आठवडे कात्रण ठेवा, कोण किती लावतंय ते कळेल.

---

निखळ

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. चांगल्या क्वालिटीची कापडी आर्टिफिशियल फुलं भाड्याने घेतली तर तीच फुलं ५० लग्नांत वापरली जातात. पाणी नाही, खत नाही, फवारणी नाही, कचरा नाही. मग हे जास्त टिकाऊ नाही का? आणि स्वस्त पण पडतं.

---

यवतचा शेतकरी

निखळ भाऊ, राग नाही, प्रश्न बरोबर आहे. पण ५० लग्नं म्हणता ती होत नाहीत. धूळ बसते, उन्हात रंग उडतो, दहा-पंधरा कार्यक्रमांत मळकट झाली की गिऱ्हाईकच म्हणतं नवीन लावा. जुनी कुठं जातात? मी बघितलंय, कार्यालयांच्या मागच्या ओढ्यात आणि कचरा डेपोत. ती कुजत नाहीत. माझं फूल आठ दिवसांत माती होतं. फवारणीचं म्हणाल तर तुमचं खरं आहे, ती आम्ही करतो, कमी करायला पाहिजे आणि सुट्ट्या झेंडूला पॉलिहाऊसच्या गुलाबापेक्षा पुष्कळ कमी लागते एवढंच सांगतो.

आणि एक सांगू का, ही प्लास्टिकची फुलं आल्यापासून ऐन लग्नसराईतही आमचा भाव बसतो. गेल्या वर्षी एक तोडा असा गेला की तोडणीच्या बायांची मजुरीसुद्धा निघाली नाही, ११ क्रेट शेवंती बांधावर ओतली. फूल शेतकरी बंदी मागतायत ते उगाच नाही, विधिमंडळातही हा विषय निघालाय. तुमच्यासारखी माणसं दोन-दोन हजाराची का होईना खरी फुलं घेतात तेव्हा एखादा प्लॉट वाचतो.

---

मांडववाला

मी डेकोरेशनच्याच धंद्यात आहे, २० वर्षं. ताईंना त्या माणसाने जो रेट दिला तो सगळा लुटीचा नसतो हे आधी सांगतो, त्यात रात्रभर जागणारी आठ पोरं, टेम्पो, फ्रेम, लाईट, कार्यालयाला द्यायचा वाटा असं सगळं असतं. म्हणून घासाघीस करू नका, कामाचे तुकडे पाडा. त्याला सांगा, मला फक्त स्ट्रक्चर, कापड आणि लाईट द्या, फुलं माझी, लावायला दोन पोरं तुमची. बहुतेक जण तयार होतात. फक्त कार्यालयाला आधी विचारून घ्या की बाहेरची फुलं आणली तर रॉयल्टी (जादा आकार) लावता का, आणि उत्तर लेखी घ्या. ऐन दिवशी हे भांडण नको. दुसरं विचारायचं म्हणजे हॉल ताब्यात कधी मिळणार. रात्री ९ ला मिळाला तर आरामात होतं, सकाळी ६ ला मिळणार असेल तर सगळ्या माळा मापाने ओवून, गाठ मारून तयार हव्यात, तिथे नुसत्या टांगायच्या.

आता हिशेब. बॅकड्रॉप १६ फूट रुंद, ८ फूट उंच धरा. दर ६ इंचावर एक माळ सोडली तर ३२ माळा, प्रत्येकी ८ फूट, म्हणजे २५६ फूट. मध्यम झेंडू किलोत साधारण १५० बसतात आणि फुलाला फूल लागून ओवलं तर फुटाला १२ लागतात. म्हणजे किलोत साडेबारा फूट, बॅकड्रॉपला २१ किलो. पण एवढं गच्च करायची गरज नाही. चार फुलं, मग आंब्याचं पान किंवा दोन इंच मोकळा दोरा, परत चार फुलं, असं केलं तर १४ किलोत होतं आणि मागचं कापड दिसतं, जास्त छान दिसतं. पिवळ्या झेंडूच्या मागे पांढरं नाही, गडद हिरवं किंवा मरून कापड लावा. आईच्या जुन्या दोन नऊवारी सरळ ताणून लावलेल्या मी बघितल्यात, फोटो असे आले की काय सांगू.

फोमबद्दल. ओॲसिस ज्याला म्हणतो तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, भुगा होतो पण कुजत नाही. आम्ही वापरतो कारण पटकन होतं. पण आमचे वडील काय वापरायचे माहितीये? केळीचा खांब. केळीचा बुंधा फूटभराचा कापायचा, आडवा ठेवायचा, त्यात खिळ्याने भोकं पाडून शेवंतीच्या, अष्टरच्या काड्या खोचायच्या. बुंध्यात इतकं पाणी असतं की दिवसभर फूल मान टाकत नाही. खाली थाळी ठेवा कारण चीक गळतो आणि त्याचे डाग कापडावरून जात नाहीत, हे लक्षात ठेवा. नंतर सगळं गाईला नाहीतर खड्ड्यात. मोठ्या कुंडीत करायचं असेल तर कोंबडीची जाळी चुरगाळून घाला आणि पाणी भरा, तीच जाळी दहा वर्षं चालते.

थर्माकोलची नावं-बिवं कोणी सुचवली तर नाही म्हणा, सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी लोक लावतात.

---

कऱ्हाडकर

आम्ही गेल्या वर्षी बहिणीच्या लग्नात हे अख्खं केलंय, कऱ्हाडला, तेव्हा खर्च जसाच्या तसा देतो, वहीत लिहिलेला आहे. झेंडू ४० किलो ६० रुपयांनी २४००, शेवंती १५ किलो १२० ने १८००, गुलछडी ३ किलो ९००, दोन हार हारवाल्याकडून १५०० चा एक म्हणजे ३०००, ओवायला चार बायका ७०० रुपये रोजाने २८००, टेम्पो १८००, आणि आंब्याचे डहाळे, दोरा, सुया, पाट्या मिळून ८००. एकूण १३,५००. कापड आणि स्ट्रक्चर मांडववाल्याचं वेगळं, त्याचे १२ हजार. तुमच्याकडे पुण्याच्या हिशेबाने मजुरी जास्त धरा तरी ४० मध्ये आरामात बसेल.

पण आमची एक चूक झाली ती सांगतो म्हणजे तुमची होणार नाही. फुलं दुपारी ३ ला आली, आम्हाला वाटलं सुकतील म्हणून वरून पाईपने पाणी मारलं आणि ताडपत्रीवर ढीग करून वरूनही ताडपत्री झाकली. रात्री ८ ला बायका ओवायला बसल्या तेव्हा ढीग आतून गरम, हात घातला तर वाफ यावी तसं, खालची फुलं काळी पडून बुळबुळीत झालेली. जवळजवळ १३ किलो टाकून द्यावी लागली, रात्री १० ला मामा दुचाकीवर साताऱ्याला जाऊन आला. त्या रात्री आईचा चेहरा बघवत नव्हता. झेंडूला पाणी अजिबात लावायचं नाही. आल्याबरोबर फरशीवर चादर घालून एक-दोन फुलांच्या थरात पसरायची, पंखा लावायचा पण थेट नाही, रात्री गारव्यात खिडकी उघडी ठेवायची. ओवून झालेल्या माळापण ढिगात टाकायच्या नाहीत, दोरीवर टांगायच्या. शेवंतीचंही तेच. गुलछडीच्या आणि अष्टरच्या काड्या मात्र बादलीत पाण्यात, खालून तिरकं कापून.

आणि दोरा सुती घ्या, नायलॉन नको. लग्नानंतर माळा तशाच्या तशा काकांच्या शेतात खड्ड्यात टाकल्या, दोऱ्यासकट कुजल्या, एकही उसवत बसलो नाही. थोडा झेंडू आत्याने वाळवून ठेवला होता, तुरटी घालून उकळून त्यात सुती रुमाल रंगवले, असा पिवळा आला की बाळाच्या बारशाला तेच वाटले.

---

सुलभाकाकू

बाळ, तुझं वाचून फार बरं वाटलं. गजऱ्यांचं मी सांगते. यवतचे दादा म्हणतात ते खरं, मार्गशीर्षात मोगरा मागू नका, कळ्या बारीक येतात आणि दुपारी १२ ला तांबूस होतात. त्या दिवसांत काकडा मिळतो बाजारात, पांढराशुभ्र, मोगऱ्यासारखाच दिसतो, वास कमी पण दिवसभर पांढरा राहतो. आणि कोणाच्या दारात कुंदाचा वेल असेल तर थंडीतच फुलतो तो, आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात होता, लग्न निघालं की आळीतल्या सगळ्या पोरी परडी घेऊन. ६० गजरे एकाच जागी सांगून ठेव, वीतभर लांबीचे, चार बोटं जास्त मागितलंस की भाव दीडपट होतो. आणि आईची मोगऱ्याची हौस आहे ना, तर एक गजरा मोगऱ्याचा, फक्त आईला. एक विहीणबाईंना. बाकी काकडा. कोणाच्या लक्षातही येणार नाही आणि आईच्या डोक्यात मोगरा असेल.

गजरे केळीच्या पानात गुंडाळून वर ओला पंचा पिळून घालायचा, पाणी शिंपडायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेस तर घाम येऊन डाग पडतात.

मुंडावळ्या फुलांच्या कर असं मी म्हणणार नाही. मोत्यांच्याच घे, नाहीतर घरात कोणाच्या तरी असतीलच, माझ्या मुंडावळ्या माझ्या दोन्ही सुनांनी बांधल्या. फुलांच्या केल्या तर होमाच्या धुराने तासाभरात कोमेजतात आणि कपाळाला खाज येते.

हारात गुलाब घालायचाच तर देशी गुलाबाच्या सुट्ट्या पाकळ्यांची गुंफण छान दिसते, डच गुलाब जड असतो, मान खाली जाते. पांढरी शेवंती, मध्ये गुलछडीच्या कळ्या आणि तुळशीची मंजिरी घाल हारात, मंजिरीचा वास येतो ना, तो आठवत राहतो.

अक्षतांचं तू विचारलं नाहीस पण सांगते. हल्ली तांदूळ पायदळी जातो म्हणून सगळ्यांना पाकळ्या देतात. चांगलं आहे, आमच्याकडे झेंडूच्या पाकळ्या दिल्या होत्या. पण स्टेजवरच्या गुळगुळीत गालिच्यावर त्या चिरडल्या आणि आमच्या वन्सं घसरल्या, मनगट सुजलं. तेव्हा ओल्या, ताज्या पाकळ्या नकोत, आदल्या दिवशी तोडून सावलीत वाळवलेल्या शेवंतीच्या पाकळ्या दे, हलक्या असतात, चिकटत नाहीत. आणि स्टेजवरच्या जवळच्या दहा-बारा वडीलधाऱ्यांना चिमूटभर खऱ्या अक्षता दे, त्यांना ते लागतं.

---

कुडाळी

आमच्याकडे कोकणात, कुडाळच्या बाजूला, तुमचे कोणी नातेवाईक असतील तर अबोली मागवा. थंडीत भरपूर असते, वास नाही पण रंग असा की काकड्याच्या गजऱ्यात मधेमधे घातली की उठून दिसते. केळीच्या सोपटाने (बुंध्याच्या सालीने) गुंफलेली वेणी दोन दिवस राहते. माझी आजी रात्री गुंफून अळूच्या पानात ठेवायची, सकाळी जशीच्या तशी. सुरंगी मिळाली असती तर क्या बात पण ती फेब्रुवारीनंतर. एसटीने नाही, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवायला सांगा, सकाळी पुण्यात.

---

निखळ

शेतकरी दादा, बांधावर ओतलेलं वाचून गप्प झालो. माझ्या भावाचं फेब्रुवारीत आहे, त्याला हा धागा पाठवतोय. १४ फेब्रुवारीच्या आसपासच आहे, गुलाब नको हे एवढ्यावरूनच कळलं.

---

चिंचवडची लेक

सगळ्यांना खरंच मनापासून थँक्यू, मी हे सगळं आईला वाचून दाखवलं. सुलभाकाकूंचं मोगऱ्याचं वाचलं तेव्हा आई उठून आत गेली आणि थोड्या वेळाने येऊन म्हणाली, काकडा चालेल.

तर काय ठरलं ते सांगते. कार्यालयाने रॉयल्टी ५००० सांगितली, घासून ३००० वर आणली आणि मेलवर घेतली. हॉल आदल्या रात्री १० ला मिळतोय. डेकोरेटर स्ट्रक्चर, कापड, लाईट आणि दोन माणसं १४ हजारांत द्यायला तयार झाला, आधी नाखूश होता पण केळीच्या बुंध्याचं ऐकल्यावर म्हणाला माझे काकापण असंच करायचे. बॅकड्रॉपला आजीचं हिरवं लुगडं आणि त्यावर पिवळा झेंडू, खांबांना पांढरी शेवंती आणि जांभळा अष्टर. झेंडू २५ किलो, शेवंती १२, अष्टरच्या ३० जुड्या. फुलं, हार, गजरे, मजुरी, टेम्पो धरून १९ हजारांच्या आसपास येतंय, म्हणजे रॉयल्टीसकट सगळं ३६ मध्ये. माळा सोसायटीच्या खत खड्ड्यात घ्यायला सेक्रेटरीकाका हो म्हणाले, फक्त सुती दोरा अशी अट घातली, मी म्हटलं तो आधीच ठरलाय!

बाबा आज शेतकरी दादांनी सांगितलेल्या प्लॉटवर जाऊन आले. मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, शेवंतीची झाडं गुडघ्याएवढी आणि कळ्या अजून हिरव्या वाटाण्याएवढ्या. खाली लिहिलंय, वेळेत येतील.

एकच राहिलं, ओवायच्या लांब सुया कुठे मिळतात? घरात फक्त शिवणाच्या आहेत.

---

कऱ्हाडकर

मार्केट यार्डात फूल बाजाराच्या बाहेरच दोरा-सुया घेऊन बसलेले असतात. वीतभर लांबीची जाड सुई मागा, १५ तरी घ्या. ओवणाऱ्या आठ असल्या तरी रात्री १२ पर्यंत निम्म्या सुया फुलांच्या ढिगात हरवतात, आणि सकाळी चादर झटकायच्या आधी मोजून घ्या.